बाबाचा कूलर, माझं नेट

लिहा. नाव प्रणाली, राहणार बेसा, नागपूर. आणि एक गोष्ट पहिलेच सांगून देते, मले मधात थांबवू नका. मी पत्रकं लिहून लिहून शिकलेली पोट्टी आहे, पत्रकात वाक्य लहान ठेवावं लागते, जागा कमी असते, तर त्याचा सगळा बदला मी बोलताना काढते.

आमचं मूळ गाव उमरेडकडचं. माझे आजोबा बैलगाडीच्या चाकांले लोखंडी धावा चढवत. गावातल्या गाड्या संपल्या तशा धावाही संपल्या, मग बाबा आणि बाबाचे मोठे भाऊ, त्यांले मी मोठेबाबा म्हणते, असे दोघं नागपूरले आले आणि सदरकडे एका कूलरच्या कारखान्यात लागले. आता बाहेरच्या माणसाले कूलर म्हटलं की ते प्लास्टिकचं, चाकावरचं खेळणं आठवते, तसं नाही होय. नागपूरचा कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याचं कपाट असते जी, खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसवतात, तीन बाजूनं जाळ्या, जाळ्यांत गवत, खाली पाण्याची टाकी, पंप ते पाणी वर चढवून गवतावर सोडते, आणि पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढून खोलीत फेकते. मार्च लागला की टाकीले आतून डांबर लावायचं, जुनं गवत काढून नवं भरायचं, हे आमच्या इकडे सणासारखं असते. बाबा त्याच कामात मोठा झाला. आता बेस्यातच रोडवर त्याचं स्वतःचं शेड आहे, उन्हाळ्यात कूलर आणि बाकी साल कपाटं, खिडक्यांच्या ग्रिल. धरमपेठेतल्या बंगल्यापासून तर इथल्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत माझ्या बाबानं बनवलेले कूलर चालून राहिले आणि एकाचीबी टाकी गळत नाही. हे मी त्याची पोरगी म्हणून नाही सांगून राहिली, जाऊन पाहा.

मी बीकॉम केलं. कॉलेजात मुलींच्या संडासाले आतून कडी नव्हती, एकीनं बाहेर उभं राहून दार धरायचं तेव्हा दुसरीनं आत जायचं, असं साल दर साल चालून राहिलं होतं. आम्ही जाऊन सांगितलं तर ऑफिसातले म्हणे, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसल्या. मग मी माझं पहिलं पत्रक काढलं, हातानं लिहून झेरॉक्स, वर मोठ्या अक्षरात, कडी लावा नाहीतर दार धरायला प्राध्यापक पाठवा. दुसऱ्या दिवशी कडी लागली. तेव्हापासून मले एक समजलं, एवढीशी गोष्ट असं जो म्हणते ना, त्याच्या घरी ती गोष्ट असते. म्हणून त्याले ती एवढीशी दिसते.

मग ही नोकरी लागली. पुण्याच्या एका कंपनीचं काम, घरी बसून, लॅपटॉप त्यांनीच पाठवला. लोकं सामान मागवतात, ते वेळेवर येत नाही, मग ते चिडून लिहितात की माझं पार्सल कुठं गेलं, त्यांले उत्तर देणारी मी. मराठीत लिहिलं तर मराठीत, हिंदीत लिहिलं तर हिंदीत, शिवी लिहिली तरी धन्यवाद. आमच्या घरात उभं राहून काम न करणारी मी पहिली. आजोबा भट्टीपाशी उभे, बाबा वेल्डिंगपाशी उभा, आईचं शिलाईचं मशीन बसूनच चालते पण ते काम कोणी काम म्हणून मोजलंच नाही. लॅपटॉप आला त्या दिवशी आईनं तिचं मशीन आपण होऊन मागच्या खोलीत नेलं आणि समोरची खोली मले दिली. म्हणे, तुहं ऑफिस हाय हे आता, इथं मी कपडे वाळत नाही घालत.

नेट मात्र आमचं नाही, मोठेबाबांचं. दोन्ही घरं बाजूबाजूले, मधात एक बोळ. त्यांच्या खिडकीपाशी तो नेटचा डब्बा ठेवलेला, त्याच्या बरोबर समोर माझी खिडकी, आणि तिथून ते वायफाय माझ्या टेबलावर. कायले दोन दोन कनेक्शन घ्यायचे, मोठेबाबा म्हणे, आपण काय वेगळे आहो. सगळा हिवाळा ते नेट असं चाललं की मले त्याची आठवणबी नव्हती. चांगल्या गोष्टीची आठवण ती बिघडल्यावरच येते.

एप्रिल लागला. बाबा म्हणे, माही पोरगी घामात काम नाही करणार. आणि त्यानं माझ्यासाठी नवीन कूलर बनवला, गिऱ्हाइकाचा नाही, आपला, म्हणून पत्रा सगळ्यात जाड, टाकी सगळ्यात खोल, जाळीत गवत ठासून दुप्पट, वर हिरवा रंग. माझ्या खोलीले बाहेरची खिडकी एकच, ती बोळीवरची, तिथं तो बसवला. गल्लीतले लोकं पाहायला आले. मोठेबाबांनी बोटानं पत्रा वाजवून पाहिला आणि म्हणे, लहान्या, हे तं तू तोफेसाठी बनवलं काय गा. बाबा त्या दिवशी दोनदा चहा प्याला.

आणि त्याच आठवड्यात नेट सुटायले लागलं.

काय सांगू जी तुम्हाले. सकाळी चांगलं, दुपार झाली की गेलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती वायफायची खूण असते, ती आधी अर्धी व्हायची, मग तिच्यावर फुली. तिकडे कोणीतरी बाई लिहून राहिली की उद्या माझ्या मुलीचा साखरपुडा आहे आणि साडी अजून आली नाही, मी अर्धं उत्तर लिहिलं, पाठवलं, ते गोल गोल फिरूनच राहिलं. थोडा वेळ नेट गेलं की ते गिऱ्हाईक आपोआप दुसऱ्या मुलीकडे जाते आणि माझ्या नावापुढे कंपनीचं यंत्र लिहिते, गैरहजर. मी हजर होती. खुर्चीत बसलेली होती. पण यंत्राले खुर्ची दिसत नाही, त्याले फक्त नेट दिसते.

आमच्यावर पुण्याचे एक टीम लीडर आहेत, निखिल सर. त्यांनी फोन केला की प्रणाली, दुपारी कुठे जातेस? मी म्हटलं, सर, कुठं नाही जात, नेट जाते. तर ते म्हणे, सगळे हेच सांगतात. कंपनीचा नियम असा होता की वीज गेली तर माफ, नेट गेलं तर जबाबदारी कामगाराची. आता मजा पाहा. एक दिवस खरंच वीज गेली, आमच्या सगळ्या वस्तीची, तर मी मोबाइलवरून ग्रुपवर लिहिलं, सर, लाईन गेली. नागपुरात लाईन म्हणजे वीज, कोणत्याबी लहान पोराले विचारा, लाईन आली की पोट्टे गल्लीत ओरडतात. पुण्यात बसलेल्या माणसानं वाचलं की नेटची लाईन गेली, आणि तेबी लावलं माझ्याच नावावर. मी भांडली तर म्हणे, तूच लिहिलंस ना. माझ्या घरच्या शब्दानं मलेच गुन्हेगार केलं.

मग इशारा आला. महिन्याच्या शेवटी आढावा, त्यात सुधारणा दिसली नाही तर कामावरून कमी. आणि हा पोकळ इशारा नव्हता, कारण आमच्याच टीममधली सुषमाताई, वर्ध्याची, तिचं लॉगिन तोपर्यंत बंद झालं होतं. एका सकाळी तिनं लॅपटॉप उघडला आणि कामाचं पानच उघडलं नाही. कारण काय लिहिलं तिच्या नावापुढे, कामात टाळाटाळ. ती बाई पोरगं मांडीवर झोपलेलं असताना एका हातानं लिहायची, तिले टाळाटाळ. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते हो, पण हा शब्द आपल्या नावाले चिकटून दुसऱ्या नोकरीच्या दारापर्यंत आपल्या आधी पोचते. मले पगारापेक्षा त्या शब्दाची भीती होती. भीती म्हणण्यापेक्षा चीड म्हणा. मी ठरवलं, हा शब्द माझ्या नावापुढे लागू नाही द्यायचा.

मग मी नेटच्या मागे लागली. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचं नाव पुसून पासवर्ड पुन्हा टाकला. कुठं तरी वाचलं की बॅटरी वाचवायसाठी लॅपटॉप आपोआप वायफायले झोपवते, तर ते बंद केलं. ड्रायव्हर म्हणून एक भानगड असते, लॅपटॉपले वायफायशी बोलता यावं म्हणून, ती काढून नवी टाकली. काही फरक नाही. आईनं एक दिवस मले न विचारता लॅपटॉपवरून मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली, म्हणे, सगळ्या गल्लीनं पाहिला ना, नजर लागली असंल. मी म्हटलं, आई, लॅपटॉप नाही, गल्लीनं कूलर पाहिला. तर म्हणे, मंग नजर चुकून याले लागली. आता हसा, पण आई त्या दिवशी माझ्यापेक्षा उत्तराच्या जवळ होती, तिलेबी माहीत नव्हतं.

नेटवाल्याचा माणूस बोलावला. तो आला सकाळी. सकाळी सगळं चालते. त्यानं मोबाइलवर काहीतरी मोजलं, म्हणे, नेट एक नंबर आहे, लॅपटॉप खराब आहे. कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याले फोन केला, त्यानं तिकडून बसल्या बसल्या माझा लॅपटॉप तपासला, तोबी सकाळीच, म्हणे, लॅपटॉप एक नंबर आहे, नेट खराब आहे. आणि दोघंबी शेवटी एकच वाक्य बोलले, मॅडम, तुमच्याकडून काही दाबलं गेलं असेल. काहून? पोरगी दिसली की ती काहीतरी दाबते, हे यांले कोणत्या शाळेत शिकवतात?

मग माझा संशय गेला मोठेबाबांवर. ते दुपारी झोपतात आणि झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करतात, जुनी सवय. मले वाटलं, डब्ब्याचंही बटण बंद करत असतील. मी गेली आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सरळ विचारलं. मोठेबाबा पानात सुपारी टाकून राहिले होते, तसेच थांबले. म्हणे, तू मले चोर समजून राहिली काय वं? मी म्हटलं, चोर नाही जी, फक्त बटण. तर म्हणे, बस घरी जाऊन, पाहतोच मी आता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेच नाही. डब्ब्यापुढे खुर्ची टाकून बसले, पंचा अंगावर, मोबाइल कानाले, आणि मले सांगून राहिले, बेटा, हिरवा दिवा हाय. अजून बी हिरवाच हाय. माशी बसली व्हती, उडवली, हिरवाच हाय. आणि इकडे माझ्या लॅपटॉपवर फुली. म्हणजे डब्बा चालू, नेट चालू, आणि बोळ ओलांडून माझ्यापर्यंत पोचत नाही. मोठेबाबांची मी माफी मागितली, ते म्हणे, माफी राहू दे, पान आणून दे.

आता बाबाची गोष्ट ऐका, इथंच सगळं उलटं झालं. बाबा दुपारी जेवायले घरी येते. मी कपाळाले हात लावून बसलेली पाहिली आणि म्हणे, काय झालं? मी म्हटलं, नेट येऊन नाही राहिलं. बाबा म्हणे, वायरलेस म्हणजे ते हवेतूनच येते ना? मी म्हटलं, हो. तर बाबाचा चेहरा फुलला, म्हणे, मंग एवढं काय, आपला कूलर बाहेरची हवा ओढते, नेट बी ओढून आणंल, तू त्याले हळू कायले चालवते. आणि त्यानं पंखा पूर्ण सोडला, पंप चालू केला, टाकी काठोकाठ भरली, गवतावर वरून अजून बादलीभर पाणी मारलं, आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत उभा राहिला, की आता येते.

जेवढं होतं तेवढंबी गेलं. साफ. माझे कागद उडाले, केस उडाले, आणि नेटचा पत्ता नाही.

बाबा म्हणे, थांब, येईल. मी बाबाकडे नाही, कूलरकडे पाहून राहिली होती. सकाळी कूलर बंद असते तर नेट असते. दुपारी पंप चालू झाला की नेट जाते. वीज गेली त्या दिवशी कूलरसोबत नेटचा डब्बाबी बंद होता म्हणून समजलं नाही. माझ्या डोक्यात एकदम कडी लागल्यासारखं झालं. मी बाबाले शेडवर जाऊ दिलं, मग मोबाइल मोठेबाबांच्या वायफायले लावला आणि खोलीतून फिरून पाहिलं. कूलरच्या मागे टेबलापाशी, काही नाही. बाहेर बोळीत जाऊन कूलरच्या पलीकडे उभी राहिली, भरून नेट. आत आली, गेलं. लॅपटॉप उचलून बोळीत नेला, तोबी तिथं ठणठणीत. म्हणजे लॅपटॉप निर्दोष. घराच्या भिंती जाड, नेट यायले एकच वाट होती, ती खिडकी, आणि त्या वाटेत लोखंडाचं कपाट, त्यात टाकीभर पाणी आणि ओलं गवत. गवत सुकं असलं की थोडं तरी गळून येत होतं, ओलं झालं की वाट बंद. बेस्यातला सगळ्यात चांगला कूलर माझ्या बाबानं नेमका तिथं ठेवला होता.

आता हे त्याले सांगायचं कसं? कंपनीशी भांडणं सोपं असते जी, तिथं समोरचा आपला कोणी नसते. संध्याकाळी बाबा मोरीपाशी हात धुवून राहिला होता, मी म्हटलं, बाबा, कूलर आडवा येऊन राहिला. कोणाले? नेटले. बाबानं हात झटकले, म्हणे, कूलर हवा देते, अडवत नाही. मी म्हटलं, हवा देते, नेट अडवते. तर म्हणे, माह्या कूलरची आजपर्यंत कोणाची तक्रार नाही आली, पहिली आली ते घरातून. आणि आत गेला. जेवताना आईनं भाजी पुन्हा वाढू का विचारलं तर नुसती मान हलवली.

मी दुसऱ्या दिवसापासून कूलर बंदच ठेवला. नागपूरचा एप्रिल तुम्ही पाहिला असेल, खुर्चीचं हॅन्डल हाताले चटका देते असं ऊन. मी दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला आणि काम केलं. लॅपटॉपचा पंखा ओरडून राहिला होता, त्यातून इतकी गरम हवा येत होती की बोटं भाजत. पण नेट एकदाबी नाही सुटलं. बाबा जेवायले आला, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. आईनं मागच्या खोलीतून मशीन थांबवलं आणि बोलली, ती सहसा बोलत नाही. म्हणे, तुमच्या कूलरची इज्जत राहिली, पोरीची जाऊन राहिली, तुम्हीच पाहा कोणती ठेवायची ते.

बाबा पाणी प्याला. मग मले विचारलं, नेट हाय? मी म्हटलं, हाय. म्हणे, दाखव मले. मी त्याले बोळीत नेऊन मोबाइलवर दाखवलं. बाबा म्हणजे पाहिल्याशिवाय मानणारा माणूस नाही, तो शेडवर गेला आणि पत्र्याचे तुकडे घेऊन आला. एक तुकडा मोबाइलपुढे धरला, काढला, धरला, काढला. मग पातळ पत्रा धरला, मग जाड धरला. मग ओल्या गवताचा गठ्ठा धरला. मोठेबाबा त्यांच्या खिडकीतून पाहून राहिले होते, म्हणे, लहान्या, नेटची कुस्ती लावली काय. बाबानं गठ्ठा पुन्हा एकदा धरून पाहिला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणे, दुसऱ्याचा कूलर असता तं पातळ पत्र्यातून कुठून तरी घुसलं असतं. माह्यातून नाही घुसत. आणि तेव्हा तो हसला. माझा बाप हरला नाही जी, त्यानं हरण्यातूनबी स्वतःच्या कामाची तारीफ काढली. मले त्याचा इतका अभिमान वाटला की मी म्हटलं, बाबा, पुण्याच्या लोकांले मी हेच सांगणार आहे.

रविवारी त्यानं शेड बंद ठेवलं, सीझनमध्ये, एप्रिलात, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या खोलीच्या भिंतीले छन्नी लावली, तिथं कूलरची जागा पाडली, चौकट बसवली, कूलर बोळीतून काढून मागे लावला, हवा मधल्या दारातून माझ्या टेबलापर्यंत. मोठेबाबांनी स्टँड धरला आणि पूर्ण वेळ शिकवत राहिले, बाबानं त्यांचं एकबी ऐकलं नाही. माझी खिडकी मोकळी झाली. कूलर चालू, पंप चालू, नेट चालू. मी मुद्दाम दिवसभर लॉगिन उघडं ठेवून बसली, काम नसताना, फक्त ती खूण पाहायसाठी.

मग आला आढावा. निखिल सर समोर पडद्यावर. त्यांनी सुरुवात केली की मागच्या काही दिवसांत तुझी सुधारणा दिसते, म्हणजे मनावर घेतलंस. मी म्हटलं, सर, मनावर नाही घेतलं, भिंतीवर घेतलं. आणि सगळं सांगितलं. ते म्हणे, पण कूलरनं नेट कसं जाईल, आमच्याकडेही कूलर आहे, हॉलमधून बेडरूममध्ये ढकलतो आम्ही. मी लॅपटॉप उचलला, मागच्या खोलीत नेला आणि त्यांले बाबाचा कूलर दाखवला. ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणे, हा कूलर आहे? मले वाटलं कपाट आहे. मी म्हटलं, सर, कपाटच आहे, पाण्यानं भरलेलं, आणि अशी कपाटं विदर्भात घराघरांच्या खिडकीत आहेत, आणि तुमच्या यादीत एप्रिलमध्ये गैरहजर झालेल्या बाया कुठल्या आहेत ते एकदा पाहा. त्यांनी पाहिलं. वर्धा, अमरावती, नागपूर, चंद्रपूर. मी म्हटलं, आम्ही सगळ्या एकाच महिन्यात आळशी झालो काय? ते म्हणे, प्रणाली, नियम मी लिहिलेला नाही, मीही नोकरच आहे. हे ते खरं बोलले, म्हणून मी आवाज खाली केला आणि म्हटलं, मग आपण दोघं मिळून बदलून मागू.

त्याच दिवशी मी आमच्या बायांच्या ग्रुपवर पत्रक टाकलं, आयुष्यातलं सगळ्यात लहान. बायांनो, नेट गेलं तर पहिले कूलर बंद करा आणि पाहा. आलं तर कूलर हलवा. नाही आलं तर मले फोन करा. माफी मात्र मागू नका. फोनवर फोन आले. कोणाचा खरंच कूलर निघाला. एकीचा कूलर नव्हताच, सासूनं डब्ब्यापुढे गव्हाची पत्र्याची कोठी आणून ठेवली होती. एकीचं काहीच सापडलं नाही, तिचं नेटच भिकार होतं, तिले मी खोटं नाही सांगितलं. पण सगळ्यांनी सह्या दिल्या, सुषमाताईनंबी, आणि निखिल सरांनी ते अर्ज म्हणून वर पाठवलं, स्वतःचं नाव लावून. त्याचं श्रेय मी त्यांले देते, मी कोणाचं श्रेय खात नाही.

सुषमाताईचं लॉगिन उघडलं. टाळाटाळ हा शब्द तिच्या नावापुढून पुसला, तिच्यासमोर, फोनवर सांगून पुसला, तशी आमची अटच होती. ती मले म्हणे, नोकरी आली हे ठीक आहे वं, पण शब्द गेला, आता मी सासरी मान वर करून बोलते. नियम काही पूर्ण नाही बदलला. नेटची जबाबदारी तुमचीच, हे अजून तसंच छापलेलं आहे, नेट त्यांच्या कामाचं आणि जबाबदारी आमची, हा अन्याय आहे आणि त्यावर मी अजून भांडून राहिली. पण त्याच्याखाली एक ओळ वाढली, की गैरहजर लिहायच्या आधी कामगाराले फोन करून विचारावं लागेल. एक ओळ. ती आम्ही लिहायले लावली.

आता पुन्हा सीझन आहे. बाबा गिऱ्हाइकाच्या घरी कूलर बसवायले गेला की टेप काढायच्या आधी विचारते, बाई, तुमचा नेटचा डब्बा कुठं हाय? लोकं चकित होतात, म्हणे, मिस्त्री, तुम्ही नेटचंबी करता काय. बाबा म्हणते, नाही, माही पोरगी करते. आणि मागच्या हप्त्यात टीममध्ये अमरावतीची एक नवीन मुलगी आली, पहिल्याच दुपारी तिचं नेट सुटलं, ती घाबरून सॉरी सॉरी लिहून राहिली होती. निखिल सर तिले सगळ्यांसमोर म्हणे, सॉरी नंतर, आधी सांग, तुझा कूलर कोणत्या खिडकीत आहे? पुण्याचा माणूस, बरोबर कूलरच विचारला. मी माझा माइक बंद करून हसली.

चला, माझी दुपारची शिफ्ट लागते, लोकांची पार्सलं कुठं कुठं अडकली ते पाहावं लागते. तुम्ही घाई करू नका, बाहेर ऊन आहे. आई पन्हं देऊन राहिली, ते घ्या, आणि मागच्या खोलीत जाऊन बसा. तिकडे हवा चांगली लागते.